ऑफिसच्या सिस्टीममधले फिल्टर आले कुठून? गणिताच्या मास्तरांचे ग्रंथपाल झालेल्या रंगनाथन यांची गोष्ट

ऑफिसमधला रोजचा प्रसंग बघा. साहेबांना मागच्या वर्षी नाशिकच्या एका ग्राहकाला पाठवलेलं कोटेशन हवंय आणि ते आत्ताच हवंय. तुम्ही ऑफिसचा शेअर्ड ड्राइव्ह उघडता. आधी सेल्सचं फोल्डर, त्यात वर्षाचं, त्यात ग्राहकांच्या नावांचं. फाईल तिथे नाही. कारण ज्याने ती ठेवली त्याने आधी शहराचं फोल्डर केलं होतं आणि त्याच्या आत वर्षाचं. तिसऱ्याच कुणीतरी न्यू फोल्डर नावाच्या कोपऱ्यात फायनल, फायनल २ आणि एकदम फायनल अशा तीन प्रती टाकून ठेवल्यात. शेवटी तुम्ही ग्रुपवर विचारता आणि कुणीतरी आपल्या मेलमधून ती फाईल पाठवतो.

आता दुसरी पद्धत बघा. सगळ्या फाईली एकाच ठिकाणी आहेत. पण प्रत्येक फाईलवर चार-पाच चिठ्ठ्या चिकटवल्यात : विभाग कोणता, कागदाचा प्रकार कोणता, शहर कोणतं, वर्ष कोणतं. स्क्रीनच्या बाजूला या प्रत्येकाची यादी दिसते. कोटेशनवर टिक करा, नाशिकवर टिक करा, वर्ष निवडा. हजारो फाईलींमधून सात उरतात आणि हवी ती समोर येते. आधी शहर निवडलं की आधी वर्ष, याने काहीच फरक पडत नाही.

शेअरपॉइंटसारख्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. ऑनलाइन खरेदी करताना रंग, साईझ आणि किंमत निवडतो तीही हीच सोय. या चिठ्ठ्यांना मेटाडेटा म्हणतात आणि अशा शोधण्याला फॅसेटेड सर्च. फॅसेट म्हणजे पैलू.

वाटतं, ही कॉम्प्युटरवाल्यांची डोकॅलिटी असणार. पण या विचाराचा पाया एका भारतीय ग्रंथपालाने १९३३ मध्ये घातला होता. दरवर्षी १२ ऑगस्टला आपल्याकडच्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत ज्यांच्या फोटोला हार घातला जातो, तेच हे गृहस्थ. शियाळी रामामृत रंगनाथन.

ग्रंथपाल व्हायचंच नव्हतं

रंगनाथन यांचा जन्म १८९२ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यात, तंजावर जिल्ह्यातल्या शियाळी या गावी झाला. ते सहा वर्षांचे असतानाच वडील गेले. लहानपणी बोलताना अडखळायचे. शिकायला मात्र हुशार होते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून त्यांनी गणितात एम.ए. केलं. तिथले प्राध्यापक एडवर्ड रॉस हे त्यांचे लाडके गुरू. हा धागा पुढे पुन्हा येणार आहे.

१९१७ पासून ते मंगळूर, कोइमतूर आणि मग मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. विद्यार्थी खूश होते आणि हेही खूश होते. अडचण एकच होती, ती पगाराची. तेवढ्यात मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची जागा काढली. पगार चांगला होता. मित्रांनी मागे लागून त्यांना अर्ज करायला लावला. त्या जागेसाठी सुमारे ९०० अर्ज आले होते असं सांगतात. ग्रंथालयाचं रीतसर शिक्षण घेतलेला त्यात कुणीच नव्हता. रंगनाथन यांची तयारी म्हणाल तर मुलाखतीच्या आधी विश्वकोशातला ग्रंथालयावरचा लेख वाचला, एवढीच. तरी त्यांची निवड झाली.

जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि काही दिवसांतच कंटाळले. वर्गात पोरांमध्ये रमणारा माणूस. इथे नुसती शांतता, धूळ आणि कुणी न मागितलेली पुस्तकं. ते प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले आणि मला परत शिकवायला घ्या अशी गळ घातली. तेव्हा एक तोडगा निघाला. विद्यापीठ तुम्हाला ग्रंथालयशास्त्र शिकायला इंग्लंडला पाठवणारच आहे, तर आधी जाऊन या. आल्यावरही नकोसं वाटलं तर कॉलेजची जागा तुमचीच.

रंगनाथन बोटीत बसले. त्या जागेवर ते पुन्हा कधीच परतले नाहीत.

एक पुस्तक, पण ठेवायचं कुठे?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना वर्गीकरण शिकवायला बेर्विक सेयर्स होते. ते स्वतः क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख. वर्गातल्या शिक्षणाच्या जोडीला रंगनाथन यांनी इंग्लंडमधली शंभराच्या वर ग्रंथालयं पायाखाली घातली. तिथे त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे ग्रंथालय गावाचं जगणं बदलू शकतं. कामगार, बायका, मुलं, सगळे तिथे येत होते. दुसरी म्हणजे पुस्तकं लावण्याची जी पद्धत जगभर चालू होती, तिच्यात मुळातच एक खोट होती.

ती पद्धत अमेरिकेच्या मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये आणलेली. तिला दशांश वर्गीकरण म्हणतात. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. ६१० म्हणजे वैद्यक, की पुढे त्याच्या शाखा. झाडासारखी रचना. पद्धत सोपी होती आणि आजही जगात सर्वांत जास्त वापरली जाते.

पण एक उदाहरण घ्या. समजा, विदर्भातल्या कापसावर पडणाऱ्या किडीबद्दलचं पुस्तक आलं. ते शेतीत ठेवायचं, कीटकशास्त्रात ठेवायचं की विदर्भाच्या माहितीत? कपाट एकच निवडावं लागतं. शेतीत ठेवलं तर किडींचा अभ्यास करणाऱ्याला ते सापडत नाही. किडींत ठेवलं तर विदर्भाचा अभ्यासक हात हलवत परत जातो. पुस्तक ग्रंथालयात असतं, पण ज्याला हवं त्याच्यासाठी नसल्यासारखंच.

ऑफिसच्या फोल्डरचं दुखणं हेच आहे. फोल्डर म्हणजे झाड. फाईल एकाच फांदीवर बसते. ती कोणत्या फांदीवर बसवायची हे ठेवणाऱ्याच्या डोक्यात असतं, शोधणाऱ्याच्या नाही.

यावर काहीच उपाय निघाले नव्हते असं नाही. बेल्जियमच्या पॉल ऑटले आणि आंरी ला फोंतेन यांनी ड्युईचे आकडे चिन्हांनी एकमेकांना जोडायची सोय केली होती. पण तिथेही मूळ झाड तेच राहिलं. रंगनाथन यांना झाडच नको होतं.

खेळण्याच्या दुकानात सापडलेलं उत्तर

उत्तर सापडलं ते लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात. तिथे मेकॅनो नावाच्या खेळण्याचं प्रात्यक्षिक चाललं होतं. आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी ते खेळलेलं असेल. भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, चाकं, नट आणि बोल्ट. त्याच तुकड्यांतून विक्रेता एकदा मोटार करत होता, एकदा क्रेन, एकदा पूल.

गणिताच्या मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विषयांची तयार यादी करायचीच कशाला? तुकडे तयार ठेवू. पुस्तक आलं की त्याच्या विषयाचे तुकडे जोडू. जोडायला नटबोल्ट हवा, तर तो असेल द्विबिंदू, म्हणजे कोलनचं चिन्ह. यातूनच द्विबिंदू वर्गीकरण उभं राहिलं.

यातला फायदा साध्या गुणाकारातून कळतो. समजा ५० पिकं आहेत, त्यांच्याबद्दलचे २० प्रश्न आहेत आणि १०० प्रदेश आहेत. प्रत्येक जोडीसाठी आधीच जागा करून ठेवायची तर १,००,००० जागा लागतील. तुकड्यांच्या तीन याद्या केल्या तर फक्त १७० नोंदी पुरतात. उद्या नवं पीक आलं तर एक नोंद वाढते, बाकी काही हलवावं लागत नाही.

१९२५ मध्ये ते मद्रासला परतले आणि विद्यापीठाच्या पुस्तकांवर ही पद्धत लावून बघू लागले. चुका सापडत गेल्या, दुरुस्त्या होत गेल्या. १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरणाचं पुस्तक छापून आलं.

कोणत्याही विषयाला विचारायचे पाच प्रश्न

पुढची वीसेक वर्षं ते याच कल्पनेला घासून लखलखीत करत राहिले. तुकडे कोणते करायचे, हा खरा प्रश्न होता. त्यांनी ठरवलं की कोणत्याही विषयाचे पैलू शेवटी पाच प्रकारांत बसतात. व्यक्तित्व, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलतोय ती मुख्य गोष्ट. पदार्थ, म्हणजे ती कशाची बनलीय किंवा तिचा गुण. ऊर्जा, म्हणजे तिचं काय होतंय किंवा तिच्यावर काय करतोय. मग स्थळ. आणि शेवटी काळ.

ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवलं जाणारं एक उदाहरण आहे. भारतात १९५० मध्ये फुप्फुसांच्या क्षयरोगावर क्ष-किरणांनी करायच्या उपचारांचं संशोधन, हा विषय. आधी मुख्य शास्त्र, म्हणजे वैद्यक. मग फुप्फुसं, मग क्षयरोग, मग उपचार, मग क्ष-किरण, मग संशोधन, मग भारत, मग १९५०. प्रत्येक तुकड्याला आपला आकडा किंवा अक्षर. मधल्या विरामचिन्हावरून कळतं की पुढचा तुकडा कोणत्या जातीचा आहे. पूर्णविराम आला की स्थळ, वरचा स्वल्पविराम आला की काळ.

आता हेच शेअरपॉइंटच्या स्क्रीनवर आणा. ग्राहक, कागदाचा प्रकार, कामाचा टप्पा, शहर आणि वर्ष. प्रत्येक रकाना म्हणजे एक पैलू. नाव बदललं, यंत्र बदललं, विचार तोच राहिला.

एक अडचण मात्र रंगनाथन यांना शेवटपर्यंत सुटली नाही, कारण ती सुटण्यासारखीच नव्हती. विषयाचे कितीही पैलू केले तरी छापलेलं पुस्तक शेवटी एकाच कपाटात राहणार. त्यामुळे पैलूंचा क्रम ठरवून टाकावा लागे. आधी मुख्य गोष्ट, सर्वांत शेवटी काळ. ज्याला काळावरून शोधायचंय तो मागे पडे. त्यासाठी त्यांनी साखळी पद्धतीची सूची काढली. वर्गांकातल्या एकेका कडीसाठी सूचीत एकेक नोंद, म्हणजे वाचक कोणत्याही कडीपासून सुरुवात करून पुस्तकापर्यंत पोचेल. कॉम्प्युटरला कपाट नसतं, म्हणून तिथे क्रमाची सक्तीच उरली नाही.

वाचकाचा वेळ

रंगनाथन हे नुसते आकडेमोडीत रमणारे असते तर आज त्यांचा फोटो भिंतीवर नसता. मद्रास विद्यापीठात त्यांनी कपाटं उघडी केली. वाचकाने चिठ्ठी द्यायची आणि शिपायाने पुस्तक आणून द्यायचं, ही रीत मोडून वाचकाला थेट पुस्तकांपर्यंत जाऊ दिलं. वाचकाला काय हवंय हे समजून घेऊन मदत करणारी माणसं नेमली. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ उभा केला. त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी रुक्मिणी अपघातात गेल्या. पुढच्या वर्षी शारदा यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

त्या काळात त्यांना एक प्रश्न छळत होता. ग्रंथालयात शंभर गोष्टी करायला सांगतात, पण त्यांच्या मुळाशी तत्त्व काय? गणितात चार-पाच गृहीतकांवर अख्खी भूमिती उभी राहते, मग इथे का नाही? याच विचारात असताना जुने गुरू एडवर्ड रॉस भेटायला आले. शिष्याची घालमेल ऐकून त्यांनी सहज बोलता बोलता पहिलं सूत्र सुचवलं : पुस्तकं ही वापरण्यासाठी असतात. तिथून बाकीची सूत्रं भराभर सुचत गेली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी जिवंत गोष्ट आहे हे विसरू नये. १९३१ मध्ये या पाच सूत्रांचं पुस्तक आलं. आजही ग्रंथालयशास्त्राचा पहिला धडा तोच असतो.

यातलं चौथं सूत्र आपल्या विषयाचं. फिल्टर असो की मेनू, तो चांगला की वाईट हे ठरवायचं माप एकच आहे. शोधणाऱ्याचा वेळ वाचला का?

मद्रास ते बंगळूर

१९४५ मध्ये विद्यापीठातल्या मतभेदांनंतर त्यांनी मद्रास सोडलं. सर्वपल्ली राधाकृष्णन तेव्हा बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू होते. रंगनाथन तिथे गेले आणि एक लाखाच्या आसपास पुस्तकांचं वर्गीकरण त्यांनी स्वतः केलं. विश्रांती घ्यायच्या वयात एकेक पुस्तक हातात घेऊन.

१९४७ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात आले. ग्रंथालयशास्त्रातल्या पीएच.डी.पर्यंतच्या शिक्षणाची सोय तिथे त्यांच्यामुळे झाली. १९४८ मध्ये मद्रास राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, त्यामागेही त्यांचीच धडपड होती. १९५० च्या दशकात काही वर्षं ते झुरिकला राहून लिहीत होते. १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच सुमारास त्यांनी आयुष्यभराची शिल्लक, १ लाख रुपये, मद्रास विद्यापीठाला देऊन टाकली. त्यातून ग्रंथालयशास्त्राचं प्राध्यापकपद सुरू झालं. त्याला नाव दिलं पत्नीचं, शारदा रंगनाथन यांचं.

१९६२ मध्ये बंगळूरला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली त्यांनी संशोधन आणि प्रशिक्षणाचं केंद्र उभं केलं. १९६५ मध्ये सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक केलं. गणितही सुटलं नव्हतं, १९६७ मध्ये त्यांनी रामानुजन यांच्यावर पुस्तक लिहिलं. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूरला त्यांचं निधन झालं.

हरलेली पद्धत, जिंकलेली कल्पना

आता थोडं कडू बोलायला हवं. द्विबिंदू वर्गीकरण जगाने स्वीकारलं का? नाही. भारतातही बहुतेक ग्रंथालयांत ड्युईच आहे.

कारणंही खरी आहेत. पुस्तकाच्या पाठीवर लिहायचे वर्गांक लांबलचक आणि क्लिष्ट होत. ग्रंथालयातल्या साध्या कर्मचाऱ्याला ते वाचणं जड जाई. शिवाय रंगनाथन स्वतः आवृत्तीमागून आवृत्ती नियम बदलत गेले. ज्या ग्रंथालयाने हजारो पुस्तकांवर जुने अंक घातले होते, त्याने काय करायचं? वाचकाचा वेळ वाचवणाऱ्या माणसाची पद्धत ग्रंथपालाचा वेळ खात होती.

पण कल्पना वेगळ्या वाटेने पुढे गेली. १९५२ मध्ये लंडनमध्ये वर्गीकरणाचा अभ्यास करणाऱ्यांचा एक गट तयार झाला. त्यांनी द्विबिंदूची चिन्हं बाजूला ठेवली आणि पैलू पाडण्याची रीत उचलली. पुढे वेबसाइटची मांडणी करणाऱ्या मंडळींनी जुन्या ग्रंथालयशास्त्राची पुस्तकं उघडली, तेव्हा त्यांना तिथे रंगनाथन भेटले. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्लेमेंको नावाच्या प्रकल्पात पैलूंवरून शोधणारे स्क्रीन तपासले गेले. दुकानांच्या वेबसाइटींनी ते घेतले. शेअरपॉइंटच्या २०१० च्या आवृत्तीत तर टॅगचे शब्द एका जागी ठरवून सगळ्या कंपनीला वापरायला देण्याची सोयच आली.

रंगनाथन यांना कपाटावर जे जमवता आलं नाही ते पडद्यावर आपोआप जमलं. लांबलचक अंक मशीन वाचतं. आपल्याला फक्त टिक करायची असते.

मग आमच्या ऑफिसचे फिल्टर का चालत नाहीत?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. अनेक ऑफिसांत फिल्टर असतात, पण नाशिकवर टिक केली की तीनच फाईली येतात. कारण कुणी नाशिक लिहिलंय, कुणी नासिक, कुणी इंग्रजीत, आणि निम्म्या जणांनी रकाना रिकामाच सोडलाय.

याचं उत्तरही रंगनाथन यांच्या कामातच आहे. त्यांचा आग्रह होता की एका पैलूने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं. प्रकार या रकान्यात कोटेशन, तातडीचं आणि पुणे असे तीन जातींचे शब्द एकत्र आले की फिल्टर मेला. त्यांचा दुसरा आग्रह शब्दांबद्दल होता. एका गोष्टीला एकच ठरलेला शब्द हवा आणि तो यादीतून निवडायचा, ज्याने त्याने मनाने लिहायचा नाही. पैलू कोणते हवेत हे शोधणाऱ्याच्या प्रश्नांवरून ठरवावं, कंपनीच्या खात्यांच्या तक्त्यावरून नव्हे. आणि रकानेही मोजकेच ठेवावेत. पाच पैलूंत त्यांनी सगळं ज्ञान बसवलं, तर एका ऑफिसची फाईल पंधरा रकाने भरल्याशिवाय का जाऊ नये?

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हे काम कुणीतरी करावं लागतं. बनारसला लाखभर पुस्तकं आपोआप लागली नव्हती. प्रत्येक पुस्तक उघडून, ते कशाबद्दल आहे हे ठरवून, त्याच्या चिठ्ठ्या लिहिणारा एक माणूस तिथे बसलेला होता. आपण ऑफिसात सॉफ्टवेअर विकत घेतो आणि ती खुर्ची रिकामी ठेवतो.

तेव्हा पुढच्या वेळी फाईल ठेवताना ते चार रकाने भरायचा कंटाळा आला, तर एवढंच आठवा. शोधणारा कुणीतरी दुसरा असणार आहे. सहा महिन्यांनी कदाचित तुम्हीच असाल.